कोपऱ्यातल्या बाई

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मुलीच्या दोन्ही हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मला वाटलं, भाजलं असेल. जवळ गेल्यावर कपाळ दिसलं. भुवयांच्या वरची कातडी जाड होऊन काळी पडली होती, टाचेची पडते तशी. सहा-सात वर्षांची पोर आणि कपाळ असं. चिंध्या होत्या त्या स्वतःला मारून घेताना मुठी कमी लागाव्यात म्हणून.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्यातल्या एका रुग्णालयात मुलांच्या मानसिक तपासणीचा विभाग होता, तिथे मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. विभाग म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि बुद्धी मोजायच्या ठोकळ्यांची पेटी. त्याआधी मी दोन वर्षं परदेशात राहून शिकले होते. जे शिकले त्याला वर्तन-विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी. मूल एखादी गोष्ट करतं तेव्हा तिच्या आधी काय घडलं आणि नंतर त्या मुलाला काय मिळालं, हे नीट बघायचं, लिहायचं, मोजायचं. मुलाच्या मनात काय चाललंय याचे अंदाज बांधत बसायचं नाही. आपल्याकडे मुलांसाठी हे काम करणारं दुसरं कुणी तेव्हा मला माहीत नव्हतं. असेलही, पण भेटलं नाही.

आमचे विभागप्रमुख मनोविकारतज्ज्ञ होते. माणूस सभ्य, पण माझ्या कामाची त्यांना गंमत वाटायची. "बाई, तुम्ही पोरांना शेंगदाणे देऊन शहाणं करता. आमच्या आजोबांनी पोपटाला असंच शिकवलं होतं," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि सगळे हसायचे. सुरुवातीला मीही हसायचे.

त्या दिवशी त्यांनी मुलीला पाच मिनिटं पाहिलं, कागदावर 'तीव्र मतिमंदत्व' लिहिलं, झोपेचं औषध दिलं आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. ती बाई कागद घेऊन व्हरांड्यात उभी राहिली. तो कुठे दाखवायचा ते तिला कळत नव्हतं. मी तिला माझ्या खोलीत बोलावलं.

"ही मारून घेते ते केव्हा?"

"जलमल्यापास्नं न्हाई. तीन वर्सं झाली."

"कधीपासून ते नाही विचारत. दिवसात केव्हा मारून घेते?"

"सारखंच की."

"झोपेत?"

"न्हाई, झोपंत न्हाई."

"जेवताना?"

ती थांबली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा, आणि तिनं स्वतःलाही विचारला नसावा. मग हळूहळू म्हणाली, "जेवताना न्हाई मारत. जेवान झाल्याव हात धुवाया घेतला, की मारती."

माझ्या हातातलं पेन तिथेच थांबलं. ही बाई बघू शकत होती. कुणी विचारायचंच राहिलं होतं.

ती घोटावड्याची. नवरा पौडला तहसील कचेरीत शिपाई, रोज सायकलनं जा-ये करणारा. पोरीला घेऊन पुण्याला यायचं म्हणजे एसटीत सगळ्या प्रवाशांची बोलणी ऐकत यायचं. पुन्हा येईन असं ती म्हणाली, पण येणार नाही हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. आणि रुग्णालयातल्या खोलीत मला काही दिसलंही नसतं. मुलगी तिथे भिंतीला टेकून नुसती बसून राहिली होती. जे घडत होतं ते तिच्या घरी घडत होतं.

मी विभागप्रमुखांकडे आठवड्यातून एक दिवस घोटावड्याला जायची परवानगी मागितली.

"एका मुलीसाठी?" ते म्हणाले. "तुम्ही मानसशास्त्रज्ञ आहात की ग्रामसेविका?"

परवानगी मिळाली नाही. तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली. रागाच्या भरात सोडली असं लोकांना वाटलं, पण मला रागावल्याचं आठवत नाही. फक्त आता इथे बसून काही होणार नाही, एवढं स्वच्छ दिसलं होतं. एका कॉलेजात अर्धवेळ शिकवायला मिळालं, सोमवार-मंगळवार. बाकीचे दिवस माझे. लग्न केलं नव्हतं. आई मी परदेशात असताना गेली, वडील त्याआधीच. कुणाला विचारायचं नव्हतं, आणि कुणाला सांगायचंही नव्हतं. बॅग भरताना हे दुसरं जास्त जाणवलं.

घोटावड्यात एका शेतकरी कुटुंबाच्या घरात मला पुढची खोली भाड्यानं मिळाली. घरच्या थोरल्या बाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. खोलीला एक खिडकी, समोर भाताची खाचरं. पावसाळ्यात भिंतींना इतकी ओल यायची, की वह्या पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवाव्या लागत.

पहिले काही आठवडे गावानं मला टाळलं. पुढे कारण कळलं. त्या दिवसांत नसबंदीची धास्ती होती आणि वही-पेन घेऊन घरोघर हिंडणारी पुण्याची बाई म्हणजे त्याच खात्यातली, अशी सगळ्यांची खात्री होती. मी समोरून आले की बायका पोरं उचलून आत जायच्या. आक्कांनीच मग एकदा विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, "त्यातली न्हाई ती. ती येड्या पोरांची डाक्टरीन हाय." मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले. 'डाक्टरीणबाई' ते 'डाक्टरीणबाई'च राहिलं.

मुलीचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात. कॉलेजचे दोन दिवस सोडून मी रोज सकाळी तिथे जायचे, दुपारी परतायचे. एकदा आक्कांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तितं च्या घेता व्हय?"

"घेते की."

दुसऱ्या दिवसापासून माझी कपबशी माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवलेली असायची. चहा त्या वरून ओतायच्या. बोलणं तसंच प्रेमाचं, भाजी तशीच वाटीभर, पण कपबशी खिडकीत. मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, खोली गेली तर काम जाईल.

आता कामाबद्दल सांगते. मुलीच्या घरात मी दाराजवळच्या कोपऱ्यात पाटावर बसायचे. मांडीवर वही. वहीत उभे तीन रकाने: आधी काय झालं, मुलीनं काय केलं, नंतर काय झालं. बघणाऱ्यानं स्वतः काही करायचं नाही हा पहिला नियम. हसायचं नाही, बोलायचं नाही, मुलीशी नजर मिळवायची नाही. आपण तिथे नसतो तर जसं घडलं असतं, तसंच घडू द्यायचं. म्हणजे खोलीतल्या एखाद्या फडताळासारखं व्हायचं. ते मला फार चांगलं जमायचं. पंधरा दिवसांत मुलगी माझ्याकडे बघेनाशी झाली, माझ्या पायावरून ओलांडून जाऊ लागली. मी वहीत लिहिलं, 'निरीक्षकाची सवय झाली.' घरी येऊन स्टोव्ह पेटवताना लक्षात आलं, की सकाळपासून मी एक शब्द बोललेले नाही. असे दिवस पुढे पुष्कळ आले. वाड्यातली पोरं मला 'कोपऱ्यातल्या बाई' म्हणायची.

दोन महिन्यांनी वह्यांमधून एक गोष्ट वर आली. मुलगी आपण होऊन खेळत असली की मारून घेत नव्हती. एकटी असली तरी नाही, भूक लागली तरी नाही. तिला काहीतरी करायला लावलं, की मारायची. हात धुणं, वेणी घालणं, झगा बदलणं, एका जागेवरून उठवून दुसरीकडे नेणं. आणि मारलं की काय व्हायचं? वेणी थांबायची. पाण्याचा तांब्या बाजूला व्हायचा. आई तिला छातीशी धरायची, दोन्ही मुठी आपल्या हातात घट्ट घेऊन. तीन वर्षं त्या घरानं नकळत तिला एकच धडा दिला होता: नको असेल तर कपाळ फोड.

त्या दिवशी मी वह्या घेऊन आक्कांच्या ओटीवर गेले. दुसरं कुणी नव्हतं सांगायला. आक्का शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं, रकाने दाखवले. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "बरं. मग आता काय करनार?"

काय करायचं ते मला माहीत होतं. पुस्तकात होतं. मारण्यातून जे मिळतं ते मिळू द्यायचं नाही. मी मुलीच्या आईला म्हटलं, "उद्यापासून ती मारू लागली तरी हात धुणं थांबवायचं नाही. जवळ घ्यायचं नाही. बोलायचंही नाही. काम पुरं करायचं आणि मग बाजूला व्हायचं. मारून काही मिळत नाही हे कळलं, की मारणं थांबेल."

"लागंल की तिला."

"आधी थोडं वाढेल. मग कमी होईल."

हे 'थोडं' मी कुठून आणलं, मला ठाऊक नाही.

पहिल्या दिवशी वाढलं. दुसऱ्या दिवशी फार वाढलं. तिसऱ्या दिवशी आई वेणी घालत होती आणि मुलगी मुठीनं नव्हे तर जात्याच्या कडेवर डोकं आपटू लागली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चालू ठेवा. तिनं वेणी पुरी केली, उठली, दारापाशी जाऊन चौकटीला धरून उभी राहिली. पाठ आमच्याकडे. तिचे खांदे हलत होते. मी लिहीत होते. एक रेघ, एक आपटणं. पान भरलं, मी उलटलं. जुनी कातडी फुटून रक्त डोळ्यांवर आलं होतं.

त्याच वेळी तिचा नवरा घरी आला. कचेरीतून काही कागद पोचवायला गावात आला होता, म्हणून भर दुपारी घरी. तो दारात थांबला. बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सायकल भिंतीला न टेकवता तशीच सोडून दिली, ती आडवी पडली. आत येऊन त्यानं मुलीला उचललं. शर्ट लाल झाला.

"तुमी मोजताय?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माज्या पोरीचं रगात निघतंय, आन् तुमी हितं बसून मोजताय?"

मी उठले. काहीतरी म्हणणार होते, आत्ता थांबवलं तर जास्त बिघडेल, असं काहीतरी. ते शास्त्राला धरून होतं. मी ते म्हटलं नाही. तो दाराकडे बोट करून उभा होता.

"जावा. परत हितं यायचं न्हाई."

मी गेले. बौद्धवाड्यापासून आक्कांच्या घरापर्यंतची वाट दहा मिनिटांची, ती त्या दिवशी संपेना. बायका आपापल्या दारात उभ्या होत्या.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात रिकामे. सोमवारी-मंगळवारी पुण्याला जाऊन शिकवून यायचे. इतर दिवशी खोलीत. पुण्यातच का राहिले नाही, हे मला सांगता येणार नाही. वह्या पुन्हा पुन्हा वाचायचे. चूक कुठे झाली? मारण्याचा अर्थ मी बरोबर काढला होता. उपायही पुस्तकाप्रमाणे. परदेशातल्या माझ्या प्राध्यापकांना लांबलचक पत्र लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की पद्धत योग्य आहे, घरच्यांचं सहकार्य कमी पडलं. ते वाचून बरं वाटायला हवं होतं. मी पत्र पेटीत तळाशी ठेवलं.

एका सकाळी मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले होते. खडकावर आधीच कुणीतरी होतं. ती मुलीची आई. आम्ही दोघी थोडा वेळ आपापले कपडे आपटत राहिलो. मीच म्हटलं, "कशी आहे ती?"

"कपाळ भरलं. मारती तशीच."

"माझं चुकलं. वाढेल ते किती वाढेल हे मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं."

ती धुणं पिळत म्हणाली, "डाक्टरीणबाई, येक इचारू? तुमी ती मारती ते समदं लिवता. पन ती आदी माजा हात ढकलती, ते लिवलंय का?"

"कधी ढकलते?"

"येणीला बसवली, की आदी माज्या मनगटाव हात ठेवती. असा." तिनं ओला हात स्वतःच्या मनगटावर ठेवून दाखवला. "लई हळू. मग ढकलती. मी न्हाई थांबले तरच मारती. दर खेपंला. मला वाटलं तुमास्नी दिसतंय."

मला दिसलं नव्हतं. दोन महिने, रोज सकाळ, मी हातभर अंतरावर बसले होते. मी मारण्याची वाट बघत होते आणि त्याच्या आधीचं सगळं माझ्या दृष्टीनं नुसती वेणी होती. घरी जाऊन वह्या पुन्हा चाळल्या. एके ठिकाणी, फक्त एके ठिकाणी, 'आईचा हात धरते' असं लिहिलेलं सापडलं. त्यावर मी स्वतःच काट मारली होती, बिनमहत्त्वाचं म्हणून.

मुलगी सगळं सांगत होती. हळू आवाजात सांगितलेलं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून ती ओरडत होती, एवढंच.

मी पुन्हा ओढ्यावर गेले, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मुलीनं मनगटावर हात ठेवला, की त्याच क्षणी थांबायचं. वेणी अर्धी राहिली तर राहू दे. "पुरे?" म्हणायचं आणि हात काढून घ्यायचा. थोड्या वेळानं पुन्हा बसवायचं, तेव्हा एक पेड जास्त. मारलं तर मात्र गडबड करायची नाही, मऊ कापड मध्ये धरायचं, लागू द्यायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. नवऱ्याला काय सांगायचं, मी विचारलं.

"त्येंस्नी मी सांगते. आता सांगनारी मी हाय, तुमी न्हाई."

तिला लिहिता येत नव्हतं. तिनं चुलीपाशी दोन वाट्या मांडल्या. हात ठेवला की एका वाटीत चिंचोका, मारलं की दुसरीत. रोज ओढ्यावर ती मला पदराच्या दोन टोकांना बांधलेले चिंचोके सोडून दाखवायची आणि मी ते वहीत उतरवायचे. पहिला आठवडा मारण्याचे चिंचोके जास्त. दुसरा आठवडाही. चौथ्या आठवड्यात एके दिवशी तिनं पदराचं एक टोक सोडलं आणि दुसरं सोडेचना.

"त्यात किती?"

"त्यात काय न्हाई. नुसती गाठ मारली, सवयीनं."

आम्ही दोघीही हसलो नाही. ती खडकावर बसली आणि तिनं पाण्यात पाय सोडले. मी शेजारी बसले.

नंतर तिच्या नवऱ्यानं मला बोलावणं धाडलं. मी गेले तेव्हा तो खाटेवर बसला होता. माफी वगैरे कुणी मागितली नाही. "च्या घ्या," एवढंच म्हणाला. मी पुन्हा कोपऱ्यात बसू लागले.

त्या काळातली एक सकाळ मी कधी कुणाला सांगितलेली नाही, कारण ती सांगायची कुणाला हे कळलं नाही. आई पाणी आणायला गेली होती. मुलगी अंगणातून आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी नियमाप्रमाणे वहीकडे बघत लिहीत राहिले: 'आत आली. निरीक्षकासमोर उभी.' ती खाली बसली आणि तिनं माझ्या लिहित्या हाताच्या मनगटावर आपला हात ठेवला. अगदी हळू. चिंध्या आता नव्हत्या. तळहात गरम होता, थोडा मातीनं खरखरीत.

आम्हीच तिला शिकवलं होतं, की असं केलं म्हणजे समोरचं माणूस थांबतं. मी थांबले. पेन खाली ठेवलं. म्हटलं, "पुरे?" कित्येक आठवड्यांत त्या घरात, निरीक्षणाला बसले असताना, मी काढलेला तो पहिला शब्द. ती माझ्याकडे बघत होती, सरळ. मग उठून निघून गेली. हातांचं काय करावं हे कळेना. आई परत आली तेव्हा तिनं विचारलं, "बरं न्हाई व्हय?" मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात धूर गेला. चूल पेटलेली नव्हती.

पुढची सहा-सात वर्षं मी त्या भागात काम केलं. भुकूमहून एक आई आली, पिरंगुटहून एक आजोबा नातीला घेऊन आले. प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात शनिवारी आम्ही बसायचो. आम्ही म्हणजे मी आणि मुलीची आई. येणाऱ्या बायकांना माझ्यापेक्षा तिचं जास्त कळायचं. मी रकाने समजावून सांगत बसायचे, ती नुसतं म्हणायची, "मारायच्या आदी लेकरू काय करतंय, ते बगा. समदं त्येच्यातच हाय." त्या वेळी कुणी विचारलं असतं, की या विषयातली तुमची सहकारी कोण, तर मी तिचंच नाव सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

मी त्या मुलीबरोबर केलेल्या कामावर एक लेख लिहिला. दोन ठिकाणी पाठवला. एकीकडून उत्तर नाही, दुसरीकडून शेरा आला: एकच मूल, प्रयोगशाळा नाही, नोंदी निरक्षर आईच्या. एका परिषदेत तोच वाचायची संधी मिळाली. जेवणानंतरचा तास, खुर्च्या बऱ्याच, माणसं सात-आठ, त्यांतली दोन पेंगत. माझे जुने विभागप्रमुख मात्र आवर्जून आले होते. संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, "काय बाई, पोपट बोलला का?"

"नाही," मी म्हटलं. "बोलत नाही. पण मारून घेणं थांबलं."

ते थोडे गोंधळले. "चांगलं आहे," म्हणाले आणि चहाकडे गेले. त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही पाच मिनिटांतच कागद लिहिला असता, कारण बाहेर रांग होती.

ऐंशीचं दशक लागलं तेव्हा मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली होती. आपली वेणी आपण घालायची, वाकडी का होईना. कळशी आणायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. बोलली कधीच नाही. त्या वर्षी तिच्या वडिलांची भोरला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं, माणसं एसटीनं निघाली. मी फाट्यापर्यंत गेले. मुलीच्या आईनं माझे दोन्ही हात धरले.

"बाई, येकट्या ऱ्हाऊ नगा. पुन्याला जावा."

"पुण्यातही एकटीच की."

"तितं निदान लाईट जात न्हाई," ती म्हणाली, आणि तेवढ्यात गाडी आली. मुलगी खिडकीशी बसली. गाडी हलली तेव्हा ती पुढच्या सीटचा लोखंडी दांडा बोटानं वाजवत होती.

काही महिने तिच्या वडिलांची पोस्टकार्डं यायची. 'मुलीची तब्येत ठीक आहे. आपल्या कृपेने त्रास नाही.' कृपा माझी नव्हती, हे मी उलट लिहिलं. मग कार्डं थांबली. शनिवारचं काम मी एकटी चालवू लागले, पण येणाऱ्या बायकांची नजर व्हरांड्यात दुसऱ्या कुणाला तरी शोधायची. हळूहळू येणं कमी झालं. आक्का गेल्या. त्यांच्या मुलांनी पुढच्या खोल्या पिरंगुट-घोटावडे रस्त्यावर नव्या झालेल्या कारखान्यांतल्या कामगारांना द्यायचं ठरवलं. मी खोली सोडली. कॉलेजात पूर्णवेळ जागा निघाली होती.

पुण्याला आल्यावर दीडेक वर्षानं, एका रविवारी, मी न कळवता भोरला गेले. कचेरीच्या मागच्या चाळीत त्यांचं घर सापडलं. आई दारात तांदूळ निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवून उठली, आत नेलं, पाणी दिलं. ती थोडी जाड झाली होती, आवाज तोच.

"कुठे आहे ती?"

"मागं हाय. शेजारनीच्या शेळ्या हायेत, त्या राकती. लई आवडतंय तिला."

आम्ही मागच्या बाजूला गेलो. पंधरा-सोळा वर्षांची उंच मुलगी बाभळीखाली उभी राहून फांदी वाकवत होती आणि दोन शेळ्या वर तोंड करून पाला ओढत होत्या. कपाळावर फिकट डाग तेवढा होता, माहीत असलेल्यालाच दिसेल असा. आईनं तिला हाक मारली. ती वळली. माझ्याकडे पाहिलं, जसं वाटेवरच्या कुणाकडेही बघतात तसं, आणि परत फांदीला हात घातला.

"वळखलं न्हाई वाटतं," आई ओशाळून म्हणाली.

"असू दे. कामात आहे ती."

"तुमचं नाव काडते मी घरात. तिला सांगते बी."

मी म्हटलं, बरं करता. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं आश्चर्यही वाटलं. बघणाऱ्यानं दिसू नये, हे आयुष्यभर मीच शिकवत आले होते. त्या मुलीला माझी आठवण राहावी असं मी काही केलेलंच नव्हतं. जे राहायला हवं होतं ते तिच्यात राहिलं होतं, आणि ते कुणाकडून आलं हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं, तरी मी आणखी पंधरा मिनिटं बाभळीशेजारी रेंगाळले. एक शेळी येऊन माझा पदर चघळू लागली. मुलीनं तिला शिंगाला धरून ओढून नेलं.

जेवूनच जा, असा आईनं आग्रह केला. मी जेवले. आमटी, भात, हरभऱ्याची भाजी. तिचा नवरा बाहेरगावी गेला होता. जेवताना ती चाळीतल्या एका बाईबद्दल सांगत होती, जिचा मुलगा सारखा चावतो. "मी जाते तिच्याकडं रोज जराशी. बसून बगते," ती म्हणाली. मी विचारलं, काय दिसलं? ती भरभरून बोलू लागली, आणि मला वही न काढता ऐकायला बरं वाटलं.

दुपारच्या एसटीनं मी परत निघाले. गाडीत गर्दी होती, मागच्या बाकावर जागा मिळाली. स्वारगेटला उतरले तेव्हा उन्हं उतरत होती. रिक्षा होत्या, पण घरी वाट बघणारं कुणी नव्हतं आणि घाईही नव्हती, म्हणून चालत गेले. दुसऱ्या दिवशी सोमवार, अकराला तास होता. विषय मुलांच्या वागण्याचं निरीक्षण. मी तास घेतला. तासानंतर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी थांबली आणि तिनं विचारलं, की निरीक्षण करताना आपल्यालाच काही वाटलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं. मला उत्तर माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं, आणि आम्ही दोघी वर्गातले पंखे बंद करून बाहेर पडलो.